गोलावर मोर

विडी घरकुलातल्या पुढच्या खोलीत
आईचं सूप बाजूला सारून मी यंत्र मांडलं.
दोन मोटरी, एक दांडी, एक निळं पेन
आणि मधे, दोन रबरी टोप्यांच्या चिमटीत,
कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं अंडं.

आई म्हणाली, गुड्डू? खायचं सोडून?

पुस्तिकेत लिहिलंय, वस्तू मध्यावर धरा.
अंड्याचा मध्य कुठे असतो?
एक टोक जाड, एक निमुळतं,
फिरवलं की पोटाशी डुगडुगतं,
गाभण शेळी चालावी तसं.
पुठ्ठ्याची पाचर घालून टोपी उचलली,
मग काढली,
मग सायकलच्या ट्यूबची चकती कापून परत घातली.
दुपारचे दोन. वर पत्रा, बाहेर बेचाळीस.
पंखा बंद करावा लागला, पेन हलतं म्हणून.

एका फेऱ्याला बत्तीसशे पावलं,
मी मोठ्यानं वाचलं.
आईनं कात्री न थांबवता हिशोब केला:
म्हणजे माझे तीन दिवस. वर दोनशे.

पहिलं अंडं फुटलं.
पेन टोचलं, पांढरं वाहिलं,
मोटरीत जाऊ नये म्हणून ओढणीनं टिपलं.
दुसऱ्यावर रेघच उमटेना.
केसभर वरून पेन मन लावून काढत राहिलं
अख्खा मोर,
कुणालाच न दिसलेला.

मोर अप्पांचा.
चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत
ते नक्षी बसवायचे, मग जकार्डची कार्डं टोचायचे,
हजारो भोकं, कंदिलासमोर धरून तपासलेली.
त्यांचा मोर जन्मभर चादरीवर सपाट उभा.
मागे वळता येतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
आता मी त्याची घरं वाकवत होते.
टोकाकडे ती चिंचोळी होत जातात,
पिसारा गोळा होतो,
पिसांतले डोळे किलकिले होतात
उन्हातून आत आल्यासारखे.

तिसऱ्या अंड्याला आई उठली.
जर्द्याच्या बोटांनीच तिनं दांडी धरली,
विडीचं तोंड मुडपावं तशी, दोन नखांत.
मेल्लगा, मेल्लगा, म्हणाली,
मला की यंत्राला, कळलं नाही.
स्क्रू अर्धा आटा सैल केला. परत पाव आटा आवळला.
किती दाबलं की पान फाटतं
आणि किती सोडलं की छाट,
हे तिला कुठल्या पुस्तिकेत पाहावं लागत नाही.

आता लाव.

आली रेघ.
बारीक, निळी, न थरथरता.
अंडं इकडे थोडं, तिकडे थोडं,
झोपेत कूस बदलावी तसं वळत होतं.
शेजारची रेणुका येमूल दारात उभी राहून बघत होती.
छान आहे, म्हणाली. शेकड्याला किती देतात?

मान यायची होती तेवढ्यात लाईट गेली.

सव्वा तासानं आली.
यंत्राला मागचं काही आठवत नव्हतं.
जिथं उभं होतं तिथंच त्यानं शून्य मानलं
आणि तिथून पुढची मान काढली.
छाती इथं, गळा इथं,
मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट.
दोन पट्ट्या जोडताना काठ चुकला की
अप्पा काही बोलायचे नाहीत,
नुसता चष्मा काढून ठेवायचे.

छाट? आईनं विचारलं.
छाट, मी म्हटलं.

तिनं ते अंडं सुपात ठेवलं,
पंचवीसच्या कट्ट्यांशेजारी, लवंडू नये असं.
रात्री फुटक्याचं आणि कोऱ्याचं कालवण झालं.
मोराच्याला तिनं हात लावला नाही,
आणि का, ते मी विचारलं नाही.

झोपण्याआधी रबरी टोपीवर शाईचा ठिपका दिला.
उद्या लाईट गेली तर
सुरुवात कुठून, एवढं तरी कळेल.

अंधारातून आईचा आवाज आला:
डझनाला काय भाव पडला गं?